सूप देवघरात, विणणारा उंबऱ्याबाहेर : कोकणच्या बाजाराचा आपला इतिहास

कोकणचा इतिहास म्हटलं की लगेच सिंधुदुर्ग किल्ला येतो. मग वेंगुर्ल्याची डचांची वखार, सावंतवाडीचे भोसले, १८१२ साली मालवण आणि वेंगुर्ला इंग्रजांकडे गेले ती हकीकत. किल्ला राजाचा, बंदर व्यापाऱ्याचं, राजवाडा संस्थानिकाचा. ह्या सगळ्यात आपली माणसं कुठं होती असं विचारलं की इतिहासकार कानावर हात ठेवतात. म्हणून मित्रांनो, आज किल्ल्याची वाट सोडू आणि बाजारात जाऊ. आठवडा बाजारात.

मालवणचा बाजार सोमवारी. सावंतवाडी आणि कणकवलीचा मंगळवारी. कुडाळचा बुधवारी. वेंगुर्ल्याचा रविवारी. कोकणातल्या माणसाला वार लक्षात राहतो तो बाजारावरून. उकडे तांदूळ, कुळीथ, नाचणी, सोलं, वाली, तवशी, पावसाळ्यात टाकळा आणि अळंबी, मे महिन्यात आगोटीसाठी सुकी मासळी. खाली पोतं पसरून बायका बसतात. दर विचारला जातो, घासाघीस होते, पिशवी भरते. वरवर पाहिलं तर ही समतेची जागा वाटते. पैसा ज्याच्या हातात तो गिऱ्हाईक. पैशाला जात नसते असं शहाणे लोक सांगतात.

पैशाला जात नसेल. पण पैसा कुणाच्या हातात यायचा आणि कुणाच्या नाही, हे जातीनंच ठरवलं होतं. बाजाराचा इतिहास इथून सुरू होतो.

बाजारात कोण जाऊ शकत होतं?

बाजारात जायला दोन गोष्टींपैकी एक लागते. विकायला माल, नाहीतर खरेदीला नाणं. गावगाड्यानं आपल्याला दोन्ही दिलं नाही. वेठ केली की भाकरी मिळायची, सुगीला खळ्यावरचं पसाभर धान्य मिळायचं, मेलेलं ढोर ओढलं की त्याचं मांस मिळायचं. ह्याला मजुरी म्हणत नाहीत. मजुरी ठरलेली असते, मोजून घेता येते, कमी पडली तर भांडता येतं. बलुतं मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर. आणि मुख्य म्हणजे शिळी भाकरी बाजारात चालत नाही. ज्याला मोबदला भाकरीत मिळतो तो बाजाराच्या बाहेरच राहतो. त्याला मीठ हवं तरी तो गावातल्या एकाच वाण्याच्या दारात उभा. दुसरं दुकान बघू, दर विचारू, ही सोय त्याला नाही.

लोक म्हणतात बलुतं ही मागासलेली पद्धत होती, काळ बदलला तशी गेली. मागासलेली नव्हे, ती हिशेबी पद्धत होती. माणसाला नाण्यापासून लांब ठेवलं की तो गाव सोडून जात नाही. बाबासाहेबांनी हे नेमकं ओळखलं होतं. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं ते ह्याच दोरावर घाव घालायला. बिल तेव्हा पास झालं नाही. कनिष्ठ गावकी वतनं मोडणारा कायदा यायला १९५८ साल उजाडलं.

कोकणात देशावरच्यासारखी वतनाची जमीनही फारशी नव्हती. इथं खोत. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गाच्या बऱ्याच भागासकट, कुळानं कसायचं आणि निम्मं पीक खोताच्या घरात टाकायचं, वर वेठ करायची. कुणबी, आगरी, भंडारी, महार अशी सगळी कुळं त्या जात्यात भरडली जात होती. निम्मं खोताला, उरलेल्यातलं बियाण्याला, उरलेल्यातलं पोटाला. बाजारात न्यायला काय शिल्लक राहणार? बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिलवर चालून गेले. त्या मोर्चात सवर्ण कुळं आणि आपली माणसं एकत्र होती, हे आजच्या कार्यकर्त्यानं विसरू नये. खोती मोडण्याचा कायदा १९४९ चा. तोवर कोकणातल्या कष्टकऱ्याचं धान्य बाजाराच्या आधी खोताच्या कोठारात जात होतं.

सूप

तरी आपण बाजारात होतो. हातानं केलेल्या कामातून होतो.

दक्षिण कोकणात आणि खाली गोव्यात बांबूकाम आपल्या माणसांनी केलं. सूप, रोवळी, हारा, टोपली, कणगी, पावसातलं इरलं. बांबू तोडायचा, चिरायचा, पट्ट्या सोलायच्या, बेळ काढायची, विणायचं. बोटं फाटायची. म्हातारी माणसं अंधारातसुद्धा हातानं चाचपून विणत बसायची. आता बाजारावर नजर टाका. तांदूळ कशातून आले? हाऱ्यातून. मासे कशातून? टोपलीतून. भात कशात पाखडलं? सुपात. धान्य कशात साठवलं? कणगीत. सगळा बाजार आपल्या विणकामावर बसला होता, आणि विणणाऱ्याला बसायला बाजारात जागा नव्हती.

ह्यातली सगळ्यात मोठी गंमत, गंमत कसली, सगळ्यात मोठी लबाडी, चवथीला दिसते. गौरीच्या वेळी नव्या नवरीचा ओवसा असतो. त्याला सुपं लागतात. फळं, भाजी, वाण सुपात ठेवून ते सूप गौरीपुढं नेतात. म्हणजे म्हारवाड्यात विणलेलं सूप थेट देवघरात! त्याच्यावर पाणी शिंपडलं की ते शुद्ध. पण ते विणणारी आमची आजी? तिच्यावर घागरभर पाणी ओतलं तरी ती शुद्ध होत नव्हती. उंबऱ्याच्या बाहेर, अंगणाच्या खाली उभी राहून ती सांगायची, "सूप हाडलंय गो बाय." आणि उत्तर यायचं, "थंयच ठेव."

धर्मशास्त्र म्हणतं विटाळ स्पर्शानं होतो. मग सुपाच्या प्रत्येक काडीला स्पर्श कुणाचा होता? गरजेच्या वस्तूचा विटाळ पाण्याच्या चार थेंबांनी जातो आणि माणसाचा जन्मभर जात नाही, ह्याचा अर्थ विटाळ वस्तूत नव्हता, हातातही नव्हता. तो हिशेबात होता. वस्तू हवी होती, माणसाची बरोबरी नको होती.

व्यवहाराची रीतही तशीच. आपण पैसे द्यायचे ते खाली ठेवून, वाण्यानं त्यावर पाणी शिंपडून उचलायचे. माल वरून टाकायचा. आपण वाणसामानाला हात लावून निवड करायची नाही, मापाजवळ वाकून बघायचं नाही. आता विचार करा, जो गिऱ्हाईक माप बघू शकत नाही त्याला पूर्ण माप कोण देईल? विटाळाकडं आपण नेहमी अपमान म्हणून बघतो. तो अपमान होताच. पण तो धंदाही होता. अंतराआड माप मारता येतं. अस्पृश्यता पाळणाऱ्या दुकानदाराला त्यातून पुण्य मिळत होतं की नाही कोण जाणे, नफा नक्की मिळत होता.

बोटीनं आलेला पैसा

ह्या कोंडीला पहिली फट पाडली ती पलटणीनं आणि मुंबईनं. कोकणातले महार इंग्रजांच्या फौजेत शिरले. त्यांना पगार आणि पेन्शन नाण्यात मिळू लागली. गोपाळबाबा वलंगकर ह्याच कोकणातले पेन्शनर. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' छापलं. १८९० नंतरच्या दशकात महारांची भरती बंद झाली. पण मुंबईची वाट उघडी होती. मालवण, वेंगुर्ल्याहून बोट धरायची आणि गोदीत, रेल्वेत, गिरणीत कामाला लागायचं. गिरणीतही विणकाम खातं आपल्याला बंद. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, त्याचा म्हणे विटाळ! पण कमी पगाराच्या खात्यात का होईना, पगार नाण्यात होता.

महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर येऊ लागली. पोस्टमन म्हारवाड्यात आला. मनीऑर्डरनं काय केलं? तिनं खळ्यावरच्या पसाभर धान्याची किंमत उतरवली. ज्या घरात दोन रुपये येतात त्या घरातली बाई मग पाटलाच्या, खोताच्या दारात भाकरीसाठी उभी राहत नाही, बाजाराला जाते. एका दुकानदारानं माल वरून टाकला तर पुढच्या दुकानात जाते. आपल्या चळवळीला गावोगाव ताठ कणा कुठून आला, हे शोधायचं असेल तर सभांच्या वृत्तांताबरोबर मनीऑर्डरच्या पावत्याही बघाव्या लागतील.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. मालवण, वेंगुर्ला, कणकवली हा मुलूख ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात, तर सावंतवाडी, कुडाळ संस्थानात. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात पास झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा तो ठराव. तो इलाख्यापुरता. संस्थानाच्या हद्दीत त्याचा अंमल नाही. संस्थान विलीन व्हायला १९४८ साल लागलं. एका दिवसाच्या वाटेवरचे दोन बाजार, दोन राज्यं, कायदे वेगळे. पण वाण्याचं पाणी शिंपडणं दोन्हीकडं सारखंच. राज्य बदललं तरी जातीची हद्द बदलत नव्हती.

महाड : बाजारपेठेतून काढलेला मोर्चा

महाडचा सत्याग्रह आपण पाण्याचा सत्याग्रह म्हणून सांगतो. तो बाजाराचाही होता. महाड ही पेठ. मार्च १९२७ च्या परिषदेला जमलेल्या हजारोंना पिण्याचं पाणी नव्हतं. तळं समोर, आणि सवर्णांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं! सार्वजनिक पाणी फुकट असतं ते इतरांना. आपल्याला ते बाजारभावानं. २० मार्चला मोर्चा महाडच्या रस्त्यांवरून शिस्तीनं गेला आणि बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी घेतलं. मग वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवली गेली. आपली माणसं कुणी जेवत होती, कुणी गावात पांगली होती, तेव्हा त्यांच्यावर लाठ्या पडल्या.

डिसेंबरमध्ये दुसरी परिषद ठरली तेव्हा महाडच्या व्यापाऱ्यांनी माल द्यायचा नाही असं ठरवलं. परिषदेचं धान्य बाहेरून आणावं लागलं. मंडपाला जागा दिली ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली ती अशा उपाशी ठेवू बघणाऱ्या पेठेत. तळ्याचा खटला हायकोर्टात सुटला तो मार्च १९३७ मध्ये.

लाठी एक दिवस चालते. दुकान बंद केलं की माणूस रोज मरतो. स्टार्ट कमिटीनं १९३० च्या अहवालात हेच नोंदवलं. बाबासाहेब त्या कमिटीचे सभासद होते. हक्क मागितला की वाटा बंद, काम बंद, वाण्याकडचं मीठमिरची बंद. पोलिसाला ह्यात गुन्हा दिसत नाही, कारण कुणी कुणाला मारलेलं नसतं. बाबासाहेबांनी ब्रह्मदेशातला १९२२ चा बहिष्कारविरोधी कायदा शोधून काढला, गोलमेज परिषदेच्या वेळी तसा कायदा मागितला आणि १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये पुन्हा मांडला. माल न देणं, काम न देणं, जागा भाड्यानं न देणं, धंद्याचे संबंध तोडणं हे गुन्हे धरा, असं त्यांचं म्हणणं.

संविधानाच्या पंधराव्या कलमात आज 'दुकान' हा शब्द आहे. तळी, विहिरी, रस्ते ह्यांच्या जोडीला दुकान, उपाहारगृह. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यावर विचारणा झाली तेव्हा बाबासाहेबांनी दुकानाचा अर्थ रुंद करून सांगितला. दुकान म्हणजे निव्वळ वाणसामान नव्हे. जो कुणी आपली सेवा लोकांना देऊ करतो त्याची जागा म्हणजे दुकान, न्हाव्याचीसुद्धा, धोब्याचीसुद्धा. त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारं कलमही मंजूर झालं.

पुढं १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला. १९७६ च्या दुरुस्तीनं त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. त्याच्या सहाव्या कलमाखाली माल विकायला किंवा सेवा द्यायला नकार हा गुन्हा आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. पण सामाजिक-आर्थिक बहिष्कार त्यात ठळकपणे घालायला २०१५ ची दुरुस्ती लागली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा २०१७ मध्ये अंमलात आला. गोलमेज परिषदेपासून मोजा. पंच्याऐंशी वर्षं! एका माणसाला दिसलेली गोष्ट कायद्याच्या पुस्तकात पुरती यायला एवढा काळ गेला.

गिऱ्हाईक झालो, विक्रेते झालो का?

इथवरचा इतिहास विकत घेणाऱ्याचा. ती लढाई पुष्कळ जिंकली. आता दुसरी बाजू. आपण विकायला बसलो तर कोण घेतं?

शाहू महाराजांना हे कळलं होतं. कोल्हापुरात गंगाराम कांबळ्यांना मारहाण झाली तेव्हा त्यांनी नुसतं सांत्वन केलं नाही. त्यांना चहाचं हॉटेल काढून दिलं, आणि लवाजम्यासकट गाडी थांबवून तिथं चहा प्याले. दुसऱ्यांना पाजला. महाराजांना ठाऊक होतं, हॉटेलाला परवाना दिला म्हणजे गिऱ्हाईक येत नाही. पहिला घोट कुणीतरी चारचौघांत घ्यावा लागतो.

आणि बाबासाहेब! परदेशातून शिकून आलेल्या अर्थशास्त्रज्ञानं मुंबईत शेअरबाजारासंबंधी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक आटलं. ह्याच्याहून मोठा पुरावा कोणता? सल्ल्याला तर हातही लावावा लागत नाही.

१९५६ च्या धर्मांतरानंतर आपण जुनी कामं टाकली. मेलेलं ढोर ओढणं टाकलं, वाजंत्री टाकली, वेठ टाकली. योग्य केलं. कणकवलीला १९४८ पासून अप्पा पटवर्धनांचा गोपुरी आश्रम आहे. सवर्णांनीही मेलेली जनावरं सोलावीत, मैला साफ करावा, म्हणजे कामाचा कलंक जाईल, अशी त्यांची वाट होती. माणूस प्रामाणिक होता, हे नाकारायचं कारण नाही. पण ब्राह्मणानं सोललं तर तो त्याग ठरतो आणि आपण सोललं तर ती जात ठरते. म्हणून बाबासाहेबांची वाट वेगळी होती : आधी सोडा.

पण बांबूकाम? ते मेलेलं ढोर नव्हे. ती कारागिरी आहे. बऱ्याच घरांतून ती जातीचं काम म्हणून गेली, काही घरांतून दर मिळत नाही म्हणून गेली. सावंतवाडीत चितारआळी आहे. लाकडी खेळणी, रंगीत फळं. गंजिफाला राजघराण्यानं १९७० च्या सुमारास पुन्हा हात दिला. ती कला झाली. सूप मात्र सूपच राहिलं. कोणत्या हातानं केलं, त्यावर वस्तू कला ठरते की टोपली ठरते. आज माणग्याच्या बांबूला बाजार आला आहे. कुडाळात २००४ पासून बांबू आणि वेत विकासाचं केंद्र आहे, बांबूची घरं, फर्निचर होतं. २०१७ च्या वटहुकमानं वनाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून सुटला, वाहतुकीची कटकट कमी झाली. म्हणजे बांबूला प्रतिष्ठा आली. आता प्रश्न असा, पिढ्यान् पिढ्या तो चिरणाऱ्या हाताची ह्या नव्या बाजारात जागा कोणती? मालकाची, कारागिराची, की पुन्हा वेठीची? ज्याला ही कारागिरी करायची नाही त्यानं करू नये. पण करायची ठरली तर भावही आपण ठरवू, एवढं तरी म्हणता आलं पाहिजे.

आता जागेचा प्रश्न

आज कुणी नाण्यावर पाणी शिंपडत नाही. आता तर नाणंही नाही. मोबाईल धरला की पैसे गेले, हाताला हात लागायचा प्रश्न मिटला. पण बाजारात खरी किंमत जागेची असते. कोपऱ्यावरची जागा, सावलीतली जागा, एसटी स्टँडच्या वाटेवरची जागा. ती कुणाकडं आहे? कुणी दिली? घाटावरून, कोल्हापूर-बेळगावकडून भाजीच्या गाड्या येतात, त्यांना रस्त्याकडेची जागा मिळते. गावठी वाली आणि चार सुपं घेऊन येणारी म्हातारी कुठं बसते?

ह्याला कायदा आहे. २०१४ चा पथविक्रेता कायदा. शहरात नगर पथविक्रेता समिती हवी. तिच्यात चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यांत एकतृतीयांश बाया, आणि अनुसूचित जातींना योग्य प्रतिनिधित्व. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांची मोजणी. जिथं पन्नास वर्षांहून अधिक काळ विक्रेते बसत आले आहेत तो नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करायचा आणि तिथल्यांना हलवायचं नाही. मालवण, सावंतवाडी, वेंगुर्ल्याला नगरपरिषदा आहेत. कणकवली, कुडाळला नगरपंचायती. बाजार इथून उचला, तिथं न्या, अशी चर्चा निघते तेव्हा ह्या कायद्याचं पान उघडायला कुणीतरी हजर हवं. बाजार हलतो तेव्हा पावतीवाला नवी जागा पकडतो. पावती नसलेला जागा हरवतो. आणि पावती कुणाकडं नसते हे वेगळं सांगायला नको.

म्हणून दोस्तहो, एक काम करा. सोमवारी मालवणला जा, मंगळवारी कणकवली-सावंतवाडीला, बुधवारी कुडाळला. वही घेऊन जा. कोण कुठं बसतं, काय विकतं, किती वर्षं बसतं, पावती आहे का, समितीवर कोण आहे, हे बसणाऱ्यालाच विचारा आणि लिहून काढा. सूप विणणारी म्हातारी भेटली तर तिच्याजवळ बसून तिला लिहून घ्या, बेळ कशी काढतात इथपासून सूप कुठं ठेवायला लावायचे इथपर्यंत. ती गेली की हा इतिहास गेला. मग नगरपरिषदेत जाऊन मोजणीचा कागद मागा. दोन्ही कागद शेजारी ठेवा.

त्या दोन कागदांत जो फरक निघेल, ते आपल्या पुढच्या कामाचं पहिलं पान.